भिंतीवरून शरणपूर

चैत्र लागला की आमच्या आणि माईंच्या घरांमधली भिंत बुटकी होते. भिंत आहे तेवढीच, कमरेएवढी, वर जास्वंद लवलेली. पण तिच्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या वाट्या एवढ्या वाढतात की मधे विटा आहेत हेच ध्यानात राहत नाही. परवा सकाळी साडेआठला हाक आली, “अगं, चीक गरम आहे तोवर घे.” माईंच्या गच्चीवर कुरडयांचा पहिला घाणा पडला होता. वाटीत गव्हाचा चीक, वर साजूक तूप. वाटी घ्यायला एक मिनिट आणि बोलायला पाऊण तास, हा आमचा जुना हिशेब.

माई यंदा तीन महिने मुलाकडे इंग्लंडला राहून आल्या. मुलाने शहरातलं घर सोडून एका खेड्यात घर घेतलंय. आल्यापासून माईंच्या बोलण्यात त्या खेड्याशिवाय दुसरा विषय नाही. गल्लीतल्या सगळ्यांना ते गाव पाठ झालंय. चर्च आठशे वर्षांचं, त्याच्यासमोर पब, पबासमोर लढाईत गेलेल्यांच्या नावांचा खांब, आणि लाल रंगाची टेलिफोनची खोकी, जिच्यात आता फोन नाही, वाचायला पुस्तकं ठेवतात.

“गाव केवढं म्हणशील? चारशे डोकी,” माई म्हणाल्या. “आपल्या मागच्या अपार्टमेंटमध्ये जास्त माणसं असतील. पण प्रत्येक दगडाला पाटी गं! विहिरीला पाटी, पुलाला पाटी. एका झाडालासुद्धा पाटी, का तर म्हणे कोण्या लॉर्डाने तिथे घोडा बांधला होता. चर्चमध्ये टेबलावर गावाच्या इतिहासाचं पत्रक ठेवलेलं. शेजारी डबी. पत्रक घ्यायचं आणि एक पौंड टाकायचा. बघायला कोणी नाही.”

“मग टाकलात?”

“त्याने टाकला. मी डबी हलवून बघितली, बरेच होते.” माईंनी पदराने कपाळ पुसलं आणि मुद्द्यावर आल्या. “आपल्याकडे आहे का असं काही? रामाचं सोडून बोल.”

नाशकात रामाचं सोडून बोल म्हणणं म्हणजे पंगतीत वरण-भात सोडून जेव म्हणण्यासारखं. पण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मला डिवचलं की मी नकाशा उघडते.

“माई, काल औषधं कुठून आणलीत?”

“शरणपूर रोडवरून. का?”

“शरणपूर कुठंय?”

“कुठंय म्हणजे? रोड आहे ना.”

“गंगापूर रोड गंगापूरला जातो. त्र्यंबक रोड त्र्यंबकला. पेठ रोड पेठला. मग शरणपूर रोड कुठं जातो?”

माई गप्प झाल्या. चाळीस वर्षं त्या रस्त्याने जातायेत. कॅनडा कॉर्नरला रिक्षा थांबवतात, महापालिकेच्या राजीव गांधी भवनात घरपट्टी भरून आल्यात. रस्त्याच्या नावातलं गाव कुठं गेलं हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मलाही निवृत्त होईपर्यंत पडला नव्हता, ते मी सांगितलं नाही.

एवढ्यात समोरचे अण्णा दुधाची पिशवी घेऊन परतत होते. अण्णा प्रेसमधून रिटायर झालेले. नाशकात प्रेस म्हटलं की नोटा-तिकिटांचाच, वर्तमानपत्राचा नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ते फाटकाशी थांबले. “काय बाई, परीक्षा चाललीय का?”

“शरणपूर कुठंय सांगा.”

“अहो ते चर्चच्या आसपास. सेंट आंद्रिया. पूर्वी ख्रिस्ती लोकांची वस्ती होती तिथं.”

“नुसती वस्ती नव्हे अण्णा. गाव. इंग्रज पाद्र्याने आखून वसवलेलं गाव. जुन्या नाशकाच्या पश्चिमेला, वेशीबाहेर, तेव्हा सगळी शेतं होती तिकडे. माई, तुमच्या मुलाच्या खेड्याचं सख्खं भावंड आपल्या गल्लीच्या टोकाला होतं.”

माईंनी चिकाचा चमचा भिंतीवर ठेवला. म्हणजे आता बोल.

मग मी बसलेच बोलायला. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२ साली सुरू झालं, पेशवाई जाऊन चौदा वर्षं झाली होती तेव्हा. आलेल्या पाद्र्याचं नाव चार्ल्स पिनहॉर्न फॅरर. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी, जिथे घाटावर एकेक पायरी एकेका उपाध्यायाच्या नावावर, तिथे येऊन याने ख्रिस्ताचं नाव घ्यायचं! काय स्वागत झालं असेल ते तुम्हीच समजा.

“त्याचं पुढं काय झालं?” माईंना माणसाचं घराणं लागतं, काम नंतर.

“त्याचा मुलगा फ्रेडरिक १८३१ साली मुंबईत जन्मला. विलायतेत मोठा धर्मोपदेशक झाला, कँटरबरीचा डीन. १८८२ मध्ये डार्विन वारला तेव्हा वेस्टमिन्स्टर अॅबेत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा होता. माणूस माकडापासून झाला म्हणणाऱ्याला पाद्र्याने खांदा दिला.”

“अगं बाई.”

“पुढे ऐका. या फ्रेडरिकच्या मुलीचा मुलगा कोण? फील्ड मार्शल माँटगोमेरी.”

अण्णांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “एल अलामेनचा? रोमेलला पळवला तो?”

“तोच. १९४२. नाशकात आलेल्या फॅरर पाद्र्याचा पणतू.”

अण्णा लढाईच्या सिनेमांचे भक्त. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू माँटगोमेरी भद्रकालीत लहानाचा मोठा झाला. मी थांबवलं नाही. गप्पांत एवढी सूट चालते.

पण फॅररने शरणपूर वसवलं नाही. ते वसवलं पुढच्या विल्यम सॉल्टर प्राइसने, १८५४-५५च्या सुमारास. कारण अगदी घरगुती होतं. ज्याने धर्म बदलला त्याचं घर सुटायचं, पंगत सुटायची, पाणवठा सुटायचा, आणि बलुत्याचं काम असेल तर तेही. बाप्तिस्मा एका दिवसात उरकतो. त्यानंतर माणसाने जेवायचं कुठे? म्हणून जमीन घेऊन वस्ती केली. चर्च, शाळा, अनाथ मुलांची सोय, सुतारकाम, लोहारकाम. शरण आलेल्यांचं पूर ते शरणपूर. नाव मात्र शुद्ध आपलं, एखाद्या मठाला शोभेल असं.

“म्हणजे बाटवलेच ना शेवटी?” माई सरळ बोलतात, वळसा घेत नाहीत.

“बाटवले म्हणा, आसरा दिला म्हणा. दोन्ही झालं, माई. पण खरी गोष्ट अजून आलीच नाही. मला खरी गोष्ट इथल्या लोकांची सांगायचीच नाहीये. आफ्रिकेच्या पोरांची सांगायचीय.”

“आफ्रिकेची? नाशकात?”

“शरणपूरला.”

अण्णा फाटक उघडून आत आले आणि भिंतीला टेकले. दूध नासलं तरी चालेल असा त्यांचा पवित्रा.

त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे विकायला न्यायचे. मोठी माणसं, बायका, आणि फार मोठ्या संख्येने मुलं. न्यासा सरोवराच्या बाजूची खेडी लुटायची, मुलांना साखळीत किनाऱ्यापर्यंत चालवायचं, गलबतात कोंबायचं. इंग्रजांच्या गस्तीच्या बोटी अशी गलबतं पकडायच्या. गलबत पकडलं, माणसं सुटली. पण सुटलेलं सात-आठ वर्षांचं पोर द्यायचं कुणाकडे? त्याचं गाव जळालेलं, आई कुठल्या बाजारात विकली गेली ते ठाऊक नाही. परत सोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलं जाणार. म्हणून काही मुलं मुंबईला उतरवली गेली, आणि १८६०च्या सुमारास त्यांचं आश्रयस्थान शरणपूरला आलं. सरकार त्यांच्या पोटापाण्याचा खर्च देई, मिशन शिकवी. वाचायला-लिहायला, सुतारकाम, लोहारकाम.

“आपल्या जंजिऱ्याचे सिद्दी तसे?” अण्णांनी विचारलं.

“सिद्दी कितीतरी आधी आले, सरदार झाले, किल्ला राखून बसले. ही पोरं काल-परवा विकली गेलेली. मॅथ्यू वेलिंग्टन नावाचा एक होता त्यांच्यात. त्याचं मूळ नाव चेंगविंबे.”

माईंना ते नाव दोनदा म्हणून बघावंसं वाटलं. “चेंगविंबे. चांगलं होतं की. कशाला बदललं?”

नावांचा प्रकार मजेशीर आहे आणि ऐकताना थोडा टोचतोही. सायमन प्राइस, कॅरस फॅरर, रिचर्ड आयझेनबर्ग ही शरणपूरच्या आफ्रिकन मुलांची नावं. प्राइस आणि फॅरर कोण ते आत्ताच सांगितलं. आयझेनबर्ग हा या मुलांचं बघणारा जर्मन पाद्री. म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर सगळा मिशनचाच वंशवृक्ष. नवीन सून घरात आली की तांदळात नाव लिहून बदलायचं, तसं. आपण कोणत्या तोंडाने त्यांना नावं ठेवणार? माईंचं माहेरचं नाव वेगळं आहे, हे गल्लीत फक्त मला ठाऊक आहे.

“तू माझ्यावर नको घसरूस,” माई म्हणाल्या. “पोरांचं काय झालं ते सांग.”

पोरांचं असं झालं की १८६५ साली डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. नाईल नदी कुठे उगम पावते ते शोधायला त्याला पुन्हा आफ्रिकेत जायचं होतं. माणसं हवी होती. आफ्रिकेतली भाषा जाणणारी, इंग्रजी समजणारी, आणि हाताने काम येणारी. अशी माणसं जगात मिळणार कुठे? शरणपूरला. नऊ जण त्याच्याबरोबर निघाले. मुलगी दिल्यासारखी दिली मिशनने. बहुतेक जण वाटेत गळाले, आणि साहेब आपल्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांच्या नावाने खडे फोडतो: आळशी आहेत, कामचुकार आहेत. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला.

“आळशी म्हणे! दलदलीतून ओझी वाहायची आणि वर बोलणी,” माई चिडल्या. नऊ पोरं आता त्यांच्या घरची झाली होती.

पुढे १८७१च्या अखेरीस स्टॅन्लेने लिव्हिंग्स्टनला शोधून काढलं, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, मी स्वतः वर्गात अनेकदा सांगितलीय. सांगितली नाही ती पुढची. स्टॅन्लेने किनाऱ्यावर परतून आणखी माणसं डॉक्टरकडे धाडली, त्यांत नाशिकचे सहा जण होते. मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रटन आडनावाचे दोघे, जॉन वेनराइट आणि जेकब वेनराइट. जेकब लिहिण्यात सगळ्यांत तयार.

१ मे १८७३ला, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या खेड्यात, डॉक्टर झोपडीत गुडघ्यांवर बसल्याबसल्या गेला. आता काय? शेकडो मैल अरण्य, पावसाळा, तापाने खचलेली माणसं. तिथेच खड्डा करून मोकळं होता आलं असतं. कोणी दोष दिला नसता. पण सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या दोघा माणसांनी आणि बाकीच्यांनी ठरवलं की देह समुद्रापर्यंत न्यायचा. चुमासुद्धा मुंबईला शाळेत राहिलेला. त्यांनी काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थनेच्या पुस्तकातून अंत्यविधी वाचला. मग देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला.

“कुरडयांच्या वेळी काय सांगतेस गं हे,” माईंनी गच्चीकडे बघितलं. पण हलल्या नाहीत.

“आणि जेकबने त्या झाडाच्या बुंध्यावर कोरलं: डॉक्टर लिव्हिंग्स्टन, ४ मे १८७३, आणि सोबतच्यांची नावं.”

माईंनी भिंतीवर हात आपटला. “झाडाला पाटी!”

“हो. शरणपूरला शिकलेल्या पोराने आफ्रिकेच्या अरण्यात झाडाला पाटी लावली. ते झाड पुढे तोडलं, पण कोरलेला बुंधा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवलाय.”

“बघा, पाटीसाठी झाड तोडलं,” अण्णा म्हणाले. “आपले लोक निदान रस्ता रुंद करायला तोडतात.”

तिथून ती सगळी माणसं देह घेऊन निघाली. कापडात गुंडाळलेला, झाडाच्या सालीत बसवलेला, वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासलेलं, बांबूला बांधून खांद्यावर. वाटेत कॅमेरॉन नावाचा आरमाराचा अधिकारी भेटला, तो लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेला. तो म्हणाला, आता इथेच पुरा. ते नाही म्हणाले. साहेबाने सांगितलं आणि या माणसांनी ऐकलं नाही! पुढे एका मुलखात प्रेत नेऊ देईनात, तर त्यांनी काटक्यांचं खोटं प्रेत बांधून माघारी पाठवल्याचं नाटक केलं, आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा वळकटी करून पुढे नेला. नऊ महिने आणि हजार मैलांवर वाट. फेब्रुवारी १८७४मध्ये झांझिबारसमोरच्या बागामोयोला समुद्र दिसला.

“शिवाजी महाराज पेटाऱ्यातून आले तसं,” माई म्हणाल्या. मी उपमा दुरुस्त करायला गेले नाही.

किनाऱ्यावर सुसी-चुमाला चार पैसे देऊन मोकळं केलं. बोटीवर देहासोबत गेला तो एकटा जेकब, त्याचं भाडं मिशनने भरलं. एडनहून पुढची बोट पी अँड ओ कंपनीची. तिचं नाव माळवा.

“इंदूरकडचा माळवा?”

“तोच. या कंपनीला आपल्याकडची नावं द्यायची हौस होती. साउदॅम्प्टनला १५ एप्रिलला उतरले. लंडनमध्ये देह तपासला, खरंच त्याचाच का म्हणून. तरुणपणी सिंहाने डावा दंड फोडला होता, ते हाड जुळलं. आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर अॅबेत पुरला. खांदेकरी आठ. त्यांत स्टॅन्ले होता, झांझिबारचा कॉन्सल डॉक्टर कर्क होता, आणि आपला जेकब वेनराइट.”

क्षणभर कोणी बोललं नाही. गल्लीतून कुल्फीवाल्याची घंटा गेली, सकाळी नवाच्या सुमारास कुल्फी कोण घेतं देव जाणे.

“म्हणजे,” अण्णा हळूहळू हिशेब करत म्हणाले, “त्या अॅबेत आठ वर्षांच्या अंतराने नाशिकचे दोन खांदे लागले. एक पाद्र्याच्या पोराचा डार्विनला, एक शरणपूरच्या पोराचा लिव्हिंग्स्टनला.”

मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. प्रेसमधल्या माणसाला आकडे जुळवायची सवय असते.

माईंची आता निराळीच चौकशी. “त्याचं नाव असेल ना गं तिथे? त्या दगडावर? लेकरानं एवढं केलं.”

मी तो प्रश्न टाळत होते, पण माईंनी विचारलाच. अॅबेच्या मधोमध लिव्हिंग्स्टनचा काळा दगड आहे. त्याच्यावर त्याचा जन्म, मृत्यू, चितांबोचं गाव, सगळं आहे. सुरुवातच अशी आहे की विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलेला. विश्वासू हात. एवढंच. कुणाचे, ते नाही.

“म्हणजे घोडा बांधणाऱ्याचं नाव झाडावर आणि प्रेत आणणाऱ्याचं नाही?” माईंनी त्यांच्याच खेड्याची पाटी उलटी करून वाचली. “मग मी एवढं कौतुक कशाला करत होते त्या पाट्यांचं?”

मला वाटतं, पाटी लावण्याची हौस असलेल्या लोकांचंही हेच आहे. कोणाच्या पाटीत कोण बसतो हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे पाटीच नाही म्हणून आपण निदान तो दोष केला नाही, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेत होते, पण ते काही फार वेळ टिकलं नाही.

जेकबच्या रोजनिशीचा काही भाग स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरला, लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावच्या संग्रहालयात आहे. जर्मनीत मात्र त्या प्रवासाची त्याची टिपणं १८७४ सालीच छापून आली होती. इंग्लंडमध्ये त्याला गावोगाव सभांना फिरवलं, मग तो आफ्रिकेत परतला, आणि १८९२मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. चेंगविंबे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, सगळ्यांत जास्त जगला. १९३५पर्यंत, मोंबासात.

“मोंबासात कसा गेला?” अण्णांनी दूध शेवटी फाटकावर टांगलं.

त्यालाही शरणपूरच कारण. मुंबईचा गव्हर्नर राहिलेला सर बार्टल फ्रीअर पुढे गुलामांचा व्यापार बंद करायला झांझिबारला गेला आणि त्याने सुचवलं की नाशकासारखी वस्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करावी. प्राइसलाच तिकडे पाठवलं. १८७५मध्ये मोंबासाजवळ नवं गाव वसलं, फ्रीअरटाउन. वस्ती करायला माणसं गेली ती शरणपूरची. म्हणजे इथल्या गावाचं रोप काढून तिथे लावलं. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर त्याच्याही आधी, १८६४ सालीच, तिकडे जाऊन पोचले होते. पुढे दोघे पाद्री झाले. फ्रीअरटाउनला गुलाम पकडणारे आले की वाजवायची घंटा होती. आजही त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा.

आफ्रिकेची पोरं गेली आणि शरणपूरचा तो अध्याय मिटला. १८८३च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये गावाची माहिती आहे, पण गॅझेटिअर वाचतं कोण. मी सार्वजनिक वाचनालयात वाचलं, तेही पंखा चांगला होता म्हणून जाऊन बसायचे तेव्हा. ते वाचनालय १८४०चं, शरणपूरहूनही थोरलं.

पुढे शहर वाढलं. शेतं गेली, बंगले आले, बंगले गेले, अपार्टमेंट आली. आजूबाजूच्या खुणांची तर अशी सरमिसळ आहे की परगावच्या माणसाला चक्कर यावी. साहेब लोक जिथे चेंडू मारत फिरायचे त्या गोल्फ क्लबच्या मैदानाला आता हुतात्मा अनंत कान्हेरेंचं नाव आहे. कान्हेरेंनी १९०९च्या २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, आणि जॅक्सन संस्कृतचा पंडित होता. जलालपूरला जन्मलेली लक्ष्मीबाई टिळक याच नाशकात १९३६मध्ये गेली, ‘स्मृतिचित्रे’ लिहून. ख्रिस्ती माणसाचं मराठी कसं असावं ते तिने सगळ्या ब्राह्मणांना शिकवलं, हे माझं मत आहे आणि ते मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

“आणि आमची देवळाली राहिली,” अण्णांना आठवलं.

“देवळालीचं काय?”

“इंग्रजीत वेडपटाला डूलॅली म्हणतात. देवळालीच्या कॅम्पात गोरे शिपाई बोटीची वाट बघत महिनेन् महिने पडून राहायचे. उन्हाने, तापाने, कंटाळ्याने डोकं फिरायचं. डूलॅली टॅप. टॅप म्हणजे आपला ताप.”

माई जोरात हसल्या. “अगं, तिथं शेजारची बाई म्हणाली, तिचा नवरा रिटायर झाल्यापासून डूलॅली झालाय! मी म्हटलं, आमच्याकडे कधी आला होता? मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.”

साडेनऊ झाले. गच्चीवरून सूनबाईंचा आवाज आला, कुरडया उलटायच्या का म्हणून. माई म्हणाल्या, आलेच, आणि तेवढ्यात मोबाइल काढला. तिकडे पहाटेचे पाच. मी म्हटलं, झोपला असेल हो. त्या म्हणाल्या, आईचा फोन आहे, उठेल.

उठला. चेहरा उशीतच होता. माईंनी कॅमेरा आधी आमच्याकडे फिरवला, मग कुरडयांकडे, मग परत स्वतःकडे. “ऐक. पुढच्या वेळी लंडनला गेलास ना, त्या अॅबेत जायचं. वेस्टमिन्स्टर. तिकीट बरंच आहे म्हणतात, असू दे, मी देईन. मध्यभागी लिव्हिंग्स्टनचा दगड आहे. तिथे उभा राहून एक नाव मोठ्याने म्हणायचं.”

“कोणाचं?”

“जेकब वेनराइट. आपल्या शरणपूरचा.”

“शरणपूर रोडवरचा?”

“शरणपूरचा,” माई म्हणाल्या. “रोड नंतर आला.”